आमगाव ते डोंगरगड : रुळांखालचा दगड



डोंगरगडच्या बमलेश्वरी देवीला जाणारी माणसे आपल्या विदर्भात पुष्कळ. नवरात्र आले की गोंदियाच्या फलाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. कडेवर पोर, डोक्यावर गाठोडे, हातात नारळाची पिशवी. गाडी लागली की जो तो आत घुसतो आणि बूड टेकले की डुलक्या घेतो. देवी डोंगरावर, डोंगर डोंगरगडला, मधल्या वाटेत काय पाहायचे?

पुढच्या खेपेला जाल तेव्हा माझे एक ऐका. खिडकीजवळची जागा धरा आणि गोंदिया सुटल्यावर डोळे मिटू नका. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा तर रस्ता. थांबत थांबत जाणारी गाडी मिळाली तर फारच चांगले, कारण मला तुम्हांला लहान स्टेशनांवरच उतरवायचे आहे. तिथे मी दाखवणार तो दगड.

दगड काय पाहायचा, असे म्हणाल. मीही तसेच म्हणत होतो. शेती खात्यात राहून मी माती पाहिली, पीक पाहिले, कीड पाहिली, पण मातीखालचा दगड कधी विचारात घेतला नाही. माझे हे अज्ञान एका घराला एका बैलजोडीएवढे महाग पडले. ती हकीकत पुढे येईलच. आधी गाडीत बसू.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे दगड म्हणजे काळा दगड. सातारा, जालना, अकोला, नाशिक कुठेही जा, विहीर खणली की तोच निघतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. असा थरावर थर चढून महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकून गेला. त्याच दगडाची कुजून आपली काळी कापसाची जमीन झाली. आपल्याला वाटते, सगळी पृथ्वीच अशी आहे.

पण नागपूर ओलांडून पूर्वेला निघालात की हा काळा थर संपतो. चादर ओढून घ्यावी आणि खालची बाज दिसावी तसा खालचा मूळ दगड उघडा पडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हा सारा मुलूख त्या बाजेवर वसलेला आहे.

गोंदियानंतर गुदमा आणि मग आमगाव. आमगाव म्हणजे तुमच्या-माझ्या दृष्टीने धानाच्या गिरण्या आणि बाजार. पण भूविज्ञानाच्या पुस्तकांत या गावाच्या नावाचा एक खडक आहे, ‘आमगाव नीस’. करड्या रंगाचा, त्यात पांढरे-काळे पट्टे असलेला, जणू कोणी पीठ मळून लाटून ताणले आहे. खोल जमिनीत उष्णता आणि दाब सोसून तो असा पट्ट्यापट्ट्यांचा झाला. या भागातला हा पायाचा खडक. वरचे सगळे यानंतरचे. तो बहुतेक ठिकाणी बांध्यांच्या आणि मातीच्या खाली दडलेला असतो. नाल्याच्या काठाला, तलावाच्या पाळीजवळ कुठेतरी पाठ वर काढतो तेवढाच दिसतो.

आमगाव सोडले की रुळांच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधे मोहाची झाडे, बांधावर तूर. मग धनौली, मग सालेकसा. इथे क्षितिजावर डोंगर उभे राहू लागतात. सालेकसा आणि दरेकसा ही आपल्या महाराष्ट्राच्या टोकाची स्टेशने. दरेकशाला तर डोंगर अंगावर येतो, जंगल खिडकीला घासते आणि गाडी बोगद्यात शिरते. माघी पौर्णिमेला हजारो गोंड बांधव कचारगडच्या गुहेतल्या आपल्या देवस्थानाला जायला इकडेच उतरतात.

सालेकसा-दरेकशाला उतरून एखादा उघडा खडक पाहा. काळा नाही, करडाही नाही. जांभळट, गुलाबी, कधी विटकरी. हातोडीने तुकडा काढायला गेलात तर हातोडी उसळते आणि कपचीची कड अशी धारदार निघते की बोट कापावे. दळ इतका बारीक की कण डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र त्या बारीक दळात मधेमधे तांदळाच्या कणीएवढे काचेसारखे दाणे आणि पांढरट-गुलाबी ठिपके बसलेले असतात. भूवैज्ञानिक याला ‘बिजली रायोलाइट’ म्हणतात. रायोलाइट हा शब्द अवघड वाटला तर सोडून द्या. ज्वालामुखीचा गुलाबी दगड म्हणा, चालेल.

होय, ज्वालामुखीचा. हा शांत मुलूख, हे धान, हे मोह, आणि इथे एके काळी आग बरसत होती. ती आग आपल्या काळ्या दगडाच्या आगीसारखी नव्हती. काळ्या दगडाचा रस पातळ असतो, ओतलेल्या काकवीसारखा लांबवर वाहत जातो. हा गुलाबी रस मात्र घट्ट, चिकट. तो वाहत नाही, तुंबतो. आत वाफ आणि वायू कोंडत जातात आणि झाकण बसवलेल्या भांड्यासारखा तो एक दिवस फुटतो. मग राखेचे आणि तापलेल्या कणांचे लोट जमिनीलगत धावत सुटतात आणि जिथे बसतात तिथे उष्णतेने एकमेकांना चिकटून दगड होतात. या गुलाबी दगडाचा पुष्कळसा भाग असाच झालेला आहे. त्याच्याच सोबतीला याच गटात काळ्या ज्वालामुखी खडकाचेही थर आहेत. त्यांना पिटेपाणी हे नाव आहे. काळा आणि गुलाबी असे दोन्ही एकाच काळात, एकाच मुलखात कसे, याचे उत्तर अभ्यासक असे देतात की अतिखोलवरून काळा तप्त रस वर आला, त्याच्या धगीने वरचे जुने कवच वितळले आणि त्या वितळलेल्या कवचातून गुलाबी रस तयार झाला. चुलीतला निखारा एक आणि तव्यावर भाजले ते दुसरे, तसे.

बोगदा ओलांडला की बोरतलाव. आता तुम्ही छत्तीसगडात आलात. इथला दगड पुन्हा वेगळा, वाळूचा. ज्वालामुखी थंडावल्यावर, डोंगर झिजू लागल्यावर, पाण्याने वाहून आणलेली वाळू-गोटे थरांनी बसले आणि त्यांचा हा दगड झाला. त्यालाही या स्टेशनाचेच नाव आहे. गंमत पाहा, आपण तिकिटावर वाचतो ती नावे, आमगाव, बोरतलाव, डोंगरगड, जगभरचे भूवैज्ञानिक खडकांची नावे म्हणून वाचतात. १९५७-५८ च्या सुमारास एस. एन. सरकार या भूवैज्ञानिकांनी भंडारा, दुर्ग, बालाघाट हा सारा टापू पालथा घालून इथल्या खडकांची उतरंड लावली आणि तिला डोंगरगडचे नाव दिले. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, तो १९९९ साली भंडाऱ्यातून निघाला. छत्तीसगड राज्य २००० साली झाले. सरहद्दी कितीदा सरकल्या. दगड आपल्या जागी आहे.

पानियाजोब मागे पडले की डोंगरगड. आता उतरा.

देवीचा डोंगर तुम्ही पाहिलेलाच आहे. हजारावर पायऱ्या, आता पाळण्याचीही सोय आहे. पण एकदा तरी पायी चढा आणि पायऱ्यांच्या कडेचे प्रचंड टोळ पाहा. घराएवढे गोटे, एकावर एक रचल्यासारखे, आता गडगडतील असे वाटणारे. कोणी म्हणतो देवांनी रचले, कोणी म्हणतो राक्षसांनी. एखाद्या टोळाला हात लावून पाहा. खरखरीत लागतो. जवळून पाहिलेत तर त्यात दाणे दिसतील, सुटे सुटे, डाळीएवढे आणि काही तर चिंचोक्याएवढे. काचेसारखा चमकतो तो गारेचा कण. गुलाबी किंवा दुधी, सपाट कडांचा, तो फेल्स्पार. काळा, ठिपक्यासारखा चमकणारा, तो अभ्रकासारख्या खनिजांचा. हाच डोंगरगडचा ग्रॅनाइट.

आता खरी मौज अशी की दरेकशाचा तो बारीक दळाचा गुलाबी दगड आणि डोंगरगडचा हा भरड दाण्याचा ग्रॅनाइट एकाच घरचे आहेत. दोघांचा माल जवळपास तोच. मग एक बारीक आणि एक भरड कसा? याचे उत्तर तुमच्या घरातल्या माउलीला विचारा. साखरेचा पाक करून हळूहळू, दिवस दिवस निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच पाक भराभर थिजवून थेंब पाडले तर बत्तासे होतात, त्यांत खडा दिसत नाही. साखर तीच. दरेकशाचा दगड म्हणजे बत्तासा, बाहेर उघड्यावर झटकन थिजलेला. डोंगरगडचा दगड म्हणजे खडीसाखर. तो बाहेर आलाच नाही. जमिनीच्या पोटात, वरच्या खडकांत घुसून तिथेच अडकला आणि वर किलोमीटरांनी जाड पांघरूण असल्यामुळे फार फार सावकाश निवला. पुढे कोट्यवधी वर्षे ऊनपावसाने वरचे पांघरूण झिजून गेले आणि पोटातला दगड उघडा पडला. म्हणजे देवीच्या पायऱ्या चढताना आपण उंच चढतो खरे, पण ज्या दगडावर पाय ठेवतो तो एके काळी पाताळात होता.

आणि तो काळ किती जुना? आजच्या मोजणीप्रमाणे सुमारे अडीचशे कोटी वर्षे. खडकातली काही मूलद्रव्ये ठराविक गतीने दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलत जातात, त्यांचे प्रमाण मोजून हे वय काढतात. आपल्या काळ्या दगडाला वर्षाचे तान्हे पोर मानले तर हा अडतीस वर्षांचा बाप्या होतो. त्या वेळी पृथ्वीवर झाड नव्हते, गवत नव्हते, मासासुद्धा नव्हता.

जाता जाता एक सांगतो. शहरातल्या पाहुण्याच्या स्वयंपाकघरात काळाभोर, आरशासारखा ओटा पाहून आपण ‘ग्रॅनाइटचा ओटा’ म्हणतो. तो काळा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतोच. दुकानदाराने ते नाव दिलेले असते. खरा ग्रॅनाइट करडा, पांढरट नाहीतर गुलाबी. ओट्याची जात यावरून ओळखा.

असो. आता शेतीकडे वळू, कारण दगड एवढ्यासाठीच पाहायचा.

आपल्या काळ्या दगडात शंभरात सुमारे पन्नास भाग सिलिका असते, म्हणजे गारेचा आणि वाळूचा जो मुख्य घटक तो. चुना शंभरात दहाच्या आसपास, लोखंडही भरपूर. म्हणून तो कुजला की चिकट काळी माती होते आणि खाली चुनखडीचे खडे सापडतात. ग्रॅनाइटात सिलिका सत्तर ते पंचाहत्तर भाग आणि चुना एक-दोनच भाग. तो कुजला की गारेचा कण कुजतच नाही, त्याची वाळू होते. फेल्स्पारची पांढरट चिकणमाती होते. चुना कमी म्हणून जमिनीचा कल आंबटाकडे. वरच्या उतारावर बरड आणि रेताड राहते, मधे पिवळसर सिहार, खाली सखल भागात पाण्याने वाहून आणलेली बारीक माती साचून मोरंड आणि कन्हार होते. तुम्ही गोंदिया-भंडाऱ्याचे असाल तर ही नावे तुम्हांला मी सांगायला नको. सरहद्दीपलीकडे छत्तीसगडचा शेतकरी हीच उतरंड भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी म्हणतो. ज्ञान तेच, भाषा निराळी.

पालाशाचेच पाहा. ग्रॅनाइटात पालाश शंभरात चार-पाच भाग असतो, काळ्या दगडात एकही भाग पुरा नसतो. मग ग्रॅनाइटाच्या जमिनीला पालाश द्यायला नको, असे वाटेल. पण हा पालाश फेल्स्पारच्या तिजोरीत कुलूपबंद असतो आणि फार सावकाश सुटतो. पिकाला आजच्या आज लागतो तो त्यातून मिळत नाही. म्हणून तिजोरीवर भिस्त ठेवू नका, मातीपरीक्षणाचा कागद पाहूनच खत ठरवा. हलक्या सिहार जमिनीत नत्र एकदम टाकू नका, पाण्याबरोबर खाली निघून जाते, हप्त्यांनी द्या. रोवणा झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी धानाच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडून वाढ खुंटली तर जस्ताची उणीव आहे का हे आधी पाहा, लगेच फवारणीच्या दुकानाकडे धावू नका.

आता विहिरीची हकीकत.

मी २००३ साली बदली होऊन सालेकशाच्या बाजूला आलो. दुसऱ्या वर्षी एका गावात एक गृहस्थ मला आपल्या शेतावर घेऊन गेले. नाव लिहीत नाही. पाच एकर धान, तीन मुले, म्हातारी आई. त्यांनी उन्हाळी पिकासाठी विहीर काढली होती. तीस-बत्तीस फुटांपर्यंत मुरूम लागला, मुरमाच्या तळाशी चांगला पाझर दिसला, मग पक्का खडक लागला. चाळीस फुटांवर ते थांबले होते. “साहेब, पुढे जाऊ का थांबू?” त्यांनी विचारले.

मी आयुष्यभर काळ्या दगडाच्या विहिरी पाहिलेल्या. तिथे एक घट्ट थर फोडला की खाली दुसऱ्या थराचा मांजऱ्या नाहीतर लाल मातीचा पट्टा लागतो आणि तिथून पाणी फुटते. आमच्याकडचा वडार म्हणतो, पाषाण फोडशील तर पाणी पिशील. मी तेच सांगितले. “आणखी पंधरा फूट जा. खालचा थर लागेल.”

काठावर त्यांची म्हातारी आई बसली होती. ती म्हणाली, “नाही जी साहेब. हा गोटा होय. गोट्याच्या पोटात पानी नाही रायत, गोट्याच्या आंगावर रायते.”

मी हसलो. बी.एस्सी. झालेला माणूस म्हातारीचे काय ऐकतो?

पंधरा फुटांचे सुरुंग लावायला त्यांनी बैलजोडी विकली. एकेक फूट सुरुंगाने उडवावा लागला. पंचावन्न फुटांवर तळ कोरडा ठणठणीत. वरच्या पाझराचे जे पाणी झिरपे तेवढेच. सुरुंगाने काठाचा मुरूमही ढासळला. त्या साली त्यांनी शेजाऱ्याच्या बैलांनी चिखलणी केली, आणि शेजाऱ्याचे काम आटोपल्यावरच बैल मिळत असल्यामुळे पऱ्हे वयात निघून गेले. उशिरा रोवलेल्या धानाचे काय होते हे तुम्हांला सांगायला नको.

त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच जास्त लागले.

मग मी विचारपूस करू लागलो. भूजलाचे काम करणाऱ्यांना भेटलो, पुस्तके मागवली, डोंगरगडच्या पायऱ्यांवर टोळांना हात लावून पाहिला. तेव्हा कळले की म्हातारीचे एक अक्षरही चुकीचे नव्हते. काळा दगड थरांचा, पोळीच्या चळतीसारखा. ग्रॅनाइट आणि त्याच्या भावंडांना थर नाहीत. तो एकसंध गोळा आहे. पाणी राहते ते दोनच ठिकाणी. एक, वर कुजून झालेल्या मुरमात, विशेषतः मुरूम जिथे पक्क्या खडकाला टेकतो त्या सांध्यावर. दुसरे, खडकाला पडलेल्या भेगांत. भेगा जसजसे खोल जावे तसतशा मिटत जातात. पक्का, बिनभेगेचा ग्रॅनाइट लागला की खाली जाणे म्हणजे पैसे खड्ड्यात टाकणे. गोट्याच्या अंगावर पाणी, पोटात नाही.

मग लक्षात आले की इकडच्या जुन्या माणसांनी तलाव का बांधले. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, शेतकऱ्याने आपल्या बांध्यांच्या वर बोडी राखली. आम्ही अधिकारी मंडळी वाटून घेत असू की यांना विहिरीची अक्कल नव्हती. अक्कल होती. खाली पक्का खडक, वर चिकण माती, पाऊस मुबलक; अशा जागी पाणी जमिनीत शोधायचे नसते, जमिनीवर अडवायचे असते. बोडी भरली की तिचे पाणी मुरमातून सरकत खालच्या विहिरींना आणि बांध्यांना पुरते. बोडी बुजवून तिथे धान लावला की एक एकर वाढतो आणि खालच्या विहिरी आटतात. तुमच्याकडे बोडी असेल तर गाळ काढा, बुजवू नका.

त्या गृहस्थांच्या विहिरीचे पुढे असे झाले. तीस फुटांवर, मुरूम आणि खडकाच्या सांध्याला, विहिरीच्या आतून चारी दिशांना आडवे बोअर घेतले. उभे नाही, आडवे. दोन दिशांना काही लागले नाही, उताराच्या वरच्या बाजूच्या दोन्हींतून पाणी आले. फार नाही, पण भाजीपाला आणि अर्धा-पाऊण एकर हरभऱ्यापुरते. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेली जुनी बोडी त्यांनी दोन उन्हाळे खपून खोल केली. बैलजोडी मात्र चार वर्षांनी आली.

तुम्ही पूर्व विदर्भात विहीर काढणार असाल तर एवढे करा. उताराच्या सखल भागात, जिथे मुरूम जाड आहे अशी जागा निवडा. शेजारच्या चार विहिरींचा मुरूम किती फुटांवर संपला ते विचारून घ्या. पक्का खडक लागला आणि त्यात भेग दिसली नाही तर थांबा, खोलीऐवजी घेर वाढवा किंवा सांध्याला आडवे बोअर घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा माणूस आधी बोलवा, सुरुंग नंतर.

आणि एक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. हा खडक पाण्यात काय सोडतो याकडेही पाहायला हवे. डोंगरगडच्या ग्रॅनाइटात फ्लोराइटचे साठे आहेत. राजनांदगाव बाजूची चांदीडोंगरी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशा खडकांतल्या पाण्यात फ्लोराइड वाढू शकते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात, पुढे हाडे आखडतात. दक्षिणेला याच खडकांचा पट्टा अंबागड चौकीकडे जातो. तिथल्या कौडीकसा गावाच्या विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले, १९९९ साली ते शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. हे सोमल आहे, वाचकहो, विष. माणसांच्या हातापायांच्या त्वचेवर काळे डाग आणि गाठी आल्या होत्या. अभ्यासकांनी त्याचा माग काढला तो इथल्या ग्रॅनाइट आणि ज्वालामुखी खडकांपर्यंतच पोचला. आर्सेनिकाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि विष राहते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच त्याची मर्यादा आपल्याकडे ठरलेली आहे. प्रयोगशाळेखेरीज ते कळायला दुसरा मार्ग नाही.

घाबरून जाऊ नका. प्रत्येक विहिरीत हे असते असे मुळीच नाही. एका विहिरीत असते आणि शंभर हातांवरच्या दुसरीत नसते, असा हा प्रकार आहे, म्हणून शेजाऱ्याचा कागद आपल्याला चालत नाही. ज्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घरात पितात तिचे पाणी स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावे आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावे. देताना नुसते ‘तपासा’ म्हणू नका. फ्लोराइड आणि आर्सेनिक ही दोन नावे कागदावर लिहून द्या, नाहीतर नेहमीचे खारेपणाचे तपासून परत देतात.

गेल्या माघात कचारगडच्या यात्रेच्या गर्दीत मी दरेकशाला उतरलो, तेव्हा आडवाट करून त्या गावी गेलो. म्हातारी केव्हाच गेली. ते गृहस्थही आता थकले आहेत, शेती मुलगा पाहतो. विहिरीला पाणी होते, पंचवीस फुटांवर. बोडीच्या काठाला बगळे बसले होते. मी पिशवीतून बाटली काढली, तीनदा विसळली, भरली, बूच लावले आणि चिठ्ठीवर दोन्ही नावे लिहिली.

मुलगा पाहत उभा होता. तो म्हणाला, “ही विहीर पंचावन्न फूट न्यायला सांगनारे साहेब तुमीच का जी?”

मी हो म्हटले. त्याने माझ्या हातातून बाटली घेतली, बूच पुन्हा घट्ट केले आणि म्हणाला, “चला, आधी चहा घ्या. चहाचे पानी नळाचे होय.”